मंगळाचं मूळ रेखावृत्त कुठून जातं?

१९७१च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचं मरिनर-९ हे यान मंगळाच्या कक्षेत शिरलं, तेव्हा धुळीच्या वादळानं अख्खा ग्रह झाकलेला होता. धुळीच्या वर डोकावत होते फक्त चार काळसर ठिपके. धूळ बसल्यावर कळलं, ते प्रचंड ज्वालामुखींचे माथे होते. त्यांतलाच एक ऑलिम्पस मॉन्स.

पुढच्या वर्षभरात यानानं ७,३२९ छायाचित्रं पाठवली. पण छायाचित्रं हाती आली म्हणजे नकाशा झाला, असं नाही. यान नेमकं कुठे होतं, कॅमेरा किती कलला होता, यात थोडी चूक राहतेच. मग एकमेकांवर चढणाऱ्या चित्रांत तेच विवर पुन्हा पुन्हा ओळखायचं, अशी असंख्य विवरं घ्यायची आणि सगळ्यांच्या जागांमधली चूक एकदमच कमीत कमी होईल असं गणित सोडवायचं. अमेरिकेत मर्टन डेव्हिस यांनी आधारबिंदूंचं हे जाळं विणण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. ग्रहांच्या नकाशांचा खरा पाया मला हाच वाटतो, आणि कौतुक मात्र सगळं कॅमेऱ्यांचं होतं.

अक्षांश ग्रहाच्या आसावरून ठरतात. रेखांश कुठून मोजायचे, म्हणजे शून्य अंशाचं मूळ रेखावृत्त कुठे धरायचं, हे माणसालाच ठरवावं लागतं. मरिनर-९च्या चित्रांतून त्यासाठी जेमतेम अर्धा किलोमीटर रुंदीचं एक विवर निवडलं गेलं: एअरी-शून्य. ग्रिनिचचं रेखावृत्त ज्यांच्या दुर्बिणीवरून ठरलं, त्या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरींचं हे नाव.

२००६पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरचा हायराईज कॅमेरा सुमारे ३०० किमीवरून एका पिक्सेलमध्ये ३० सेंमी जमीन टिपतो. यान सेकंदाला तीन किलोमीटरहून जास्त वेगानं धावतं. चित्र पुसट होऊ नये म्हणून जमिनीच्या एकाच पट्टीचा प्रकाश संवेदकाच्या ओळींवर, यानाच्या वेगाशी ताल जुळवत, एकामागून एक साठवला जातो. मात्र पट्टा फक्त सहा किमी रुंद मिळतो. अख्ख्या ग्रहाचा नकाशा जोडायला त्याच यानावरचा ३० किमी रुंद पट्टा टिपणारा दुसरा कॅमेरा लागतो. त्याचा एक पिक्सेल सुमारे सहा मीटरचा.

१९७६मध्ये मंगळावर उतरलेलं व्हायकिंग-१ हे यान हायराईजनं जमिनीवर शोधून काढलं. त्याची जागा रेडिओ लहरींनी फार काटेकोर मोजलेली होती. एअरी-शून्य विवराचा मध्य तितका अचूक पकडता येत नाही. म्हणून आता रेखांशांचा आधार ते यान आहे. त्याचं स्थान ४७.९५१३७ अंश पश्चिम असं कायमचं धरलं आहे, आणि आकडा असा निवडला की शून्य एअरी-शून्यमध्येच राहावं.