दिवस माणसाळला, रात्र नाही: कोंबड्यांच्या रातथाऱ्याची पार्श्वभूमी

तिन्हीसांजेला कोंबड्यांपाशी दहा मिनिटं नुसतं बसून पाहावं. दिवसभर मान खाली घालून जमीन उकरणारी कोंबडी आता वर बघायला लागते. मान तिरकी करून आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने उंची जोखते. पाय दुमडते, आता उडणार असं वाटतं, तेवढ्यात बेत बदलते. दोन पावलं सरकून पुन्हा तोच खेळ. शेवटी पंख फडफडवत एकदाची वर पोचते आणि शेजारणीला ढुशी देत, कुरकुरत आपल्यापुरती जागा करून घेते. खाली नवं कोरं खुराडं दार उघडं टाकून उभं असतं आणि ही बाई त्याच्या छपरावर! पाळणाऱ्याला हा हट्ट वाटतो. खरं तर रातथारा, म्हणजे उंचावर बसून रात्र काढणं, ही तिची फार जुनी सवय आहे, खुराड्याहून पुष्कळ जुनी.

पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या जंगलांतला तांबडा रानकोंबडा. चार्ल्स डार्विनने 1868 साली हेच म्हटलं होतं. 2020 मध्ये 863 पक्ष्यांचे जनुकसंच ताडून पाहिले गेले, तेव्हा बोट आणखी नेमकं टेकलं: नैऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातली रानकोंबड्याची एक उपजात. हा पक्षी दिवसभर पालापाचोळ्यात किडे आणि दाणे टिपतो, आणि ऊन कललं की झाडावर चढतो. कारण साधं आहे. अंधारात त्याला फारसं दिसत नाही आणि रात्रीचे शिकारी बहुतेक जमिनीवरून, वासाच्या मागावर येतात. म्हणून डोळे साथ देत आहेत तोवरच वर जाऊन बसायचं. कोंबडी झोपेच्या बाबतीत वेळेची इतकी पक्की असते ती यामुळेच. उशीर झाला की चढण्याची वाटच दिसेनाशी होते.

मग ही झाडावरची पाखरं माणसाकडे आली कशी? 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, नक्की पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडं मध्य थायलंडमधल्या बान नॉन वॉट इथली आहेत, इ.स.पू. 1650 ते 1250 या काळातली. त्याआधीचे आठ-दहा हजार वर्षांचे दावे या अभ्यासाने मोडीत काढले. त्यातला मुद्दा असा, की भात आणि इतर धान्याची शेती पसरली, दाणे एका जागी साठू लागले आणि त्या मोहाने रानकोंबड्या जंगलातून खाली उतरल्या. मला यातली वाटणी महत्त्वाची वाटते. दाण्याने जिंकला तो कोंबडीचा दिवस. रात्रीसाठी दाण्यात काहीच आमिष नव्हतं. पोट भरलं, अंधारून आलं, की ती आपली फांदीवर.

फांदीऐवजी दांडी देऊन माणसाने तडजोड केली, आणि तीही फार पूर्वी. पहिल्या शतकातल्या कोलुमेला या रोमन शेतीलेखकाने कोंबड्यांच्या घराविषयी बारकाईने लिहिलं आहे. घर भटारखान्याजवळ किंवा स्वयंपाकघराजवळ असावं, म्हणजे धूर पक्ष्यांपर्यंत पोचतो. तो त्यांना मानवतो. बसायच्या दांड्या तासून चौकोनी कराव्यात, गोल दांडीवरून उडी मारणारा पक्षी घसरतो. आणि त्यांनी विष्ठेत उभं राहू नये, नाहीतर ती नखांना चिकटून पाय दुखावतात. धुराचं सोडा, पण सपाट दांडीचा सल्ला आजही जसाच्या तसा दिला जातो. कोंबडी झोपते ती पावलांवर पोट टेकवून. दांडी रुंद असली की बोटं पिसांखाली झाकली जातात आणि थंडीत गारठत नाहीत.

झोपेत ती पडत का नाही, याचं उत्तर पायातच आहे. पाय दुमडला की मागच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, ताणल्या जातात आणि बोटं आपोआप वळतात. शिवाय या कंडरांवर बारीक खडबडीत उंचवटे असतात. अंगाचा भार पडला की ते भोवतालच्या आवरणातल्या वळ्यांत अडकून बसतात. मुठी आवळून धरायचे कष्ट त्यामुळे वाचतात.

सगळी पाळीव पाखरं मात्र झाडावरची नाहीत. बदक आणि कोंबडी यांना एकाच दांडीची सोय करून देणारे लोक भेटतात, आणि सकाळी बदकं खालीच पेंढ्यात पसरलेली पाहून नवल करतात. बहुतेक पाळीव बदकांचा पूर्वज मॅलार्ड हे रानबदक, आणि मॅलार्ड झोपतो तो पाण्यावर किंवा काठावर. त्याच्याकडे उंची नाही, पण दुसरी युक्ती आहे. 1999 साली संशोधकांनी बदकं ओळीत झोपवून पाहिली: टोकाची बदकं बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून, मेंदूचा अर्धाच भाग झोपवत होती. मधली मात्र निर्धास्त. मस्कोवी हे एकच पाळीव बदक मॅलार्डच्या वंशातलं नाही. ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, नख्या धारदार, आणि त्याला बिनदिक्कत फांदी लागते. हंस जमिनीवरचे, लावे तर गवतात दबून राहणारे.

टर्की आणि गिनी कोंबडी यांचं प्रकरण कोंबडीपेक्षा अवघड. रानटी टर्की केवढं धूड, तरी ते उंच झाडांच्या माथ्यावर रात्र काढतं. मांसासाठी वाढवलेल्या पाळीव टर्कीची छाती इतकी जड झाली आहे, की चढणं जमत नाही आणि उतरताना पाय दुखावतात. ओढ मात्र गेलेली नाही. आफ्रिकेतली गिनी कोंबडी हलकी आणि उडायला चपळ. तिला खुराड्यात रात्रीपुरतं बोलवायचं तर पिल्लू असल्यापासून सवय लावावी लागते. नाहीतर छप्पर, झाड, विजेचा खांब, काहीही चालतं.

विसाव्या शतकात मात्र ही ओढ थेट धुडकावली गेली. 1920 च्या दशकात उन्हामुळे अंगात तयार होणाऱ्या ड जीवनसत्त्वाचा उलगडा झाला आणि कोंबड्या उन्हाशिवाय, घरात वाढवता येऊ लागल्या. पुढच्या दशकांत तारेचे पिंजरे आले. उभं राहायचं तीच झोपायची जागा, जाळीवर. 1965 मध्ये ब्रिटनमधल्या, पाळीव जनावरांच्या हालअपेष्टा तपासणाऱ्या ब्रॅम्बेल समितीने अशा पाळण्यावर कडक टीका केली. युरोपीय संघाने 1999 च्या निर्देशात दांडी सक्तीची केली, दर कोंबडीमागे किमान 15 सेंटिमीटर, आणि साधे पिंजरे 1 जानेवारी 2012 पासून बंद. रातथाऱ्याचा हक्क कायद्यात सेंटिमीटरने मोजला गेला! दांडीनेही प्रश्न संपले नाहीत हेही खरं. अंधारात उडी चुकली, की छातीचं हाड मोडतं.

खुराड्यात नियमाने जाणाऱ्या कोंबड्या एक दिवस अचानक बाहेर झोपायला लागल्या, तर इतिहास बाजूला ठेवून आधी दांडी तपासावी. कोंबड्यांवरचा तांबडा माइट, म्हणजे गोचिडीच्या जातीचा बारीकसा जीव, दिवसा दांडीच्या फटीत लपतो आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतो. रात्री बॅटरी घेऊन जावं, दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद घासावा. कागदावर लाल रेघा उमटल्या की कोंबड्या शहाण्या ठरल्या म्हणून समजा. घरट्याच्या खोक्यात झोपणाऱ्यांचं कारण बहुधा वेगळं असतं: दांडी खोक्यापेक्षा खाली आहे, किंवा वर दादागिरी चालली आहे. कळपातली ही टोचाटोचीची उतरंड नॉर्वेच्या श्येल्डरूप-एब्ब या प्राणिशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात मांडली. तिचा सर्वांत मोठा गोंगाट ऐकायचा तर झोपायच्या वेळी ऐकावा.

ओढ उपजत असली तरी चढायचं कसब शिकावं लागतं. रानात पिल्लं आधी आईच्या पंखाखाली जमिनीवर झोपतात, मग तिच्यामागे फांदीवर जातात. दांडीशिवाय वाढलेल्या तलंगांना, म्हणजे तरुण कोंबड्यांना, मोठेपणी उंचीचा अंदाजच येत नाही. संध्याकाळ झाली की कोपऱ्यात एकमेकींवर ढीग करून बसतात. त्यांना हातांनी उचलून दांडीवर ठेवावं लागतं, एकेक करून, अंधार पडल्यावर. काही रात्री हे करायचं. मग एखादी संध्याकाळी स्वतःहून मान तिरकी करून वर बघते.