गवा आणि म्हैस: काळा रंग सोडला तर सगळंच वेगळं

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर मी गेली सहा-सात वर्षं म्हशी काढतोय. म्हणजे धार नव्हे, चित्रं. ऑफिस सुटलं की घरी जाण्याआधी अर्धा तास. म्हशी येतात, गिऱ्हाईक पेला घेऊन उभं राहतं, धारोष्ण दुधाचा फेस मिशीला लागतो आणि मी कडेच्या पायरीवर स्केचबुक उघडून बसतो. चित्रकलेचं शिक्षण नाही, हौस आहे. पण सहा वर्षं एकच जनावर काढल्यावर हाताला सवय लागते, आणि ती सवयच एकदा मला नडली.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही म्हैसूरला गेलो होतो. घरच्यांनी राजवाडा बघितला, मी दोन दिवस तिथल्या प्राणिसंग्रहालयात गव्याच्या कुंपणापाशी ठाण मांडून बसलो. हे प्राणिसंग्रहालय १८९२ सालचं. झाडं जुनी, सावली दाट, त्यामुळे बसायला जागा चांगली मिळते. पंधरा-वीस पानं भरली, मन खूश. कोल्हापुरात आल्यावर कट्ट्यावरच्या ओळखीच्या गवळीमामांना वही दाखवली. त्यांनी दोन पानं उलटली, तिसऱ्यावर थांबले.

"ही कुठली वो म्हस? शिंगं मुऱ्ह्याची न्हाईत, पंढरपुरीबी न्हाईत. आणि पाठीला काय झालंय हिच्या?"

मामांचं काही चुकलं नव्हतं. मी गव्यासमोर बसून म्हैसच काढली होती, फक्त पाठीवर एक उंचवटा चिकटवला होता. म्हैसूर हे नावच महिषासुरावरून आलेलं, तेव्हा तिथं जाऊन म्हैस काढून आणली यात नवल काय, असं म्हणून बायकोनं नंतर माझी भरपूर खेचली.

या गोंधळाला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. कोल्हापूर जिल्ह्यात सर्रास 'गवारेडा' म्हणतात. रेडा म्हणजे म्हशीचा नर. त्यामुळे गवा म्हणजे रानातला रेडा असं डोक्यात पक्कं बसतं. त्यावर इंग्रजी काळातला 'बायसन' हा शब्द. १९५८ साली दाजीपूरचं रान अभयारण्य झालं तेही बायसन अभयारण्य म्हणूनच ओळखलं गेलं. राधानगरीच्या बाजूची संस्थानकाळातली ही शिकारीची राखीव जागा, आज ३५१ चौरस किलोमीटर. पण बायसन अमेरिकेत आणि युरोपात, गवा आपल्याकडे, आणि रेडा गोठ्यात. तिन्ही जनावरं वेगवेगळी. शास्त्रीय नावच बघा ना: गवा हा 'बॉस गॉरस', म्हणजे गायीबैलांच्या कुळातला. म्हैस 'बुबालस बुबालिस', तिचं घराणंच निराळं. गव्याचा आणि गायीचा संकर होऊ शकतो, म्हशीचा गायीशी होत नाही. आणि खऱ्याखुऱ्या रानम्हशी महाराष्ट्रात बघायच्या तर आपल्या सह्याद्रीत नाही, पार गडचिरोलीत कोलामार्काच्या बाजूला जावं लागतं.

ही माहिती मला आधीही होती. हाताला नव्हती.

सगळ्यात मोठी चूक पाठीच्या रेषेत होते, म्हणून तिथं जरा थांबतो. म्हैस काढताना माझी पेन्सिल मानेच्या मागून निघते आणि जवळजवळ आडवी जात खुब्याच्या हाडापर्यंत पोचते. तिथं हाड वर येतं, रेषेला एक टेंगूळ येतं, मग शेपटीकडे उतार. दुभत्या म्हशीत तर ते हाड इतकं स्पष्ट असतं की सावली तिथूनच सुरू करावी. सगळं वजन मधे आणि मागे: पोट, कास, पुठ्ठा. आकार पिंपासारखा.

गव्यात ही रेषा उलटी चालते. मानेपासून ती चढायला लागते, खांद्यावर चढते आणि पाठीच्या मध्यापर्यंत तशीच उंच राहते. मग एकदम पायरी उतरावी तशी खाली येते. हा उंचवटा बैलाच्या वशिंडासारखा मांसाचा गोळा नाही. पाठीच्या मणक्यांना वर निघालेले काटे असतात, ते गव्यात लांबच लांब वाढलेले असतात, त्यांच्यावर स्नायू चढतात आणि धारेसारखी कड तयार होते. मी म्हैसूरला पहिल्या दिवशी या कडेला गोल टेकडी केली. गोल केली की ती वशिंड वाटते किंवा, मामांना वाटलं तसं, दुखणं वाटतं. दुसऱ्या दिवशी ठरवून आधी फक्त तेवढीच रेषा काढली, डोकं नाही, पाय नाही. वीस वेळा. चढ हळू, उतार झटक्यात. हे हाताला कळल्यावर बाकीचं जनावर आपोआप पुढे झुकलं, कारण गव्याचं वजन पुढे असतं. खांदे, छाती, मान. मागचा भाग त्यामानानं सडपातळ. अंग इतकं खोल की पाय आखूड भासतात, आणि नवशिका तिथं पाय लांब काढून 'दुरुस्ती' करतो. करू नये. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो आणि खांद्याशी माणसाच्या डोक्याइतका किंवा वर भरतो. हे वजन कागदावर पायांनी येत नाही, छातीनं येतं.

छातीशीच आणखी एक गोष्ट आहे. गव्याला पोळी असते, गळ्याखाली लोंबणारी कातडी. हनुवटीखाली एक छोटी, आणि पुढच्या पायांच्या मधे मोठी. म्हशीचा गळा साफ. एवढी एक रेष घातली तरी चित्र गायीच्या कुळात जातं.

आता शिंगं. कोल्हापूरच्या माणसाला म्हशीची शिंगं शिकवायची गरज नाही. मुऱ्ह्याची जिलेबीसारखी वळलेली, पंढरपुरीची तलवारीसारखी मागे गेलेली, कधी खांद्याच्याही मागं पोचणारी. जात कुठलीही असो, म्हशीचं शिंग बुडाशी तिकोनी असतं. त्याला पैलू असतात. काढताना एक बाजू उजेडाची, एक अंधाराची, मधे धार, वर आडव्या वळ्या. पेन्सिल आडवी धरून दोन फटकाऱ्यांत होतं. शिवाय म्हशीची शिंगं मागे वळतात, ती नाक पुढं काढून बघते, आणि शिंगं कपाळाच्याच पातळीत मागे पडलेली दिसतात.

गव्याचं शिंग बुडाशी चपटं-लांबट गोल. पैलू नाहीत, त्यामुळे सावली हळूहळू वळवावी लागते, बोटानं पुसत. म्हाताऱ्या नराच्या शिंगांच्या बुडाशी वळ्या दिसतात, बाकी गुळगुळीत. दोन्ही शिंगं आधी बाजूला निघतात, मग वर, मग टोकं किंचित आत. डोक्यावर घागर धरायला बाईनं दोन हात वर उचलावेत, तसा तो आकार. रंग पिवळसर, किंचित हिरव्या झाकेचा, टोकं काळी. दोन शिंगांच्या मधे कपाळाचा मोठा उंचवटा पुढे आलेला असतो, राखाडी-फिकट रंगाचा. मी पहिल्या पंधरा पानांत हा उंचवटा काढलाच नव्हता. म्हशीचं सपाट डोकं काढून त्यावर शिंगं खोचली होती. गवा म्हैस व्हायला तेवढंच पुरलं.

पांढऱ्या मोज्यांबद्दल सगळेच बोलतात. गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरट-पिवळसर, मोजे घातल्यासारखे. खूण चांगली आहे, पण एकट्या मोज्यांवर भरवसा ठेवू नका. रानम्हशीचे पायही खाली मळकट पांढरे असतात, आणि पंढरपुरी म्हशीतही पायावर पांढरं दिसतं. खुरांचा फरक मात्र कामाचा: म्हशीचे खूर रुंद, फाकणारे, चिखलात रुतू नयेत असे. गव्याचे त्या देहाच्या मानानं लहान आणि टोकदार.

रंगवायला बसल्यावर खरी गंमत. दोन्ही जनावरं काळी, म्हणून दोन्हीला एकच काळा रंग लावणारा मी एकटाच नसेन. म्हशीचा काळा थंड असतो. अंगावर केस विरळ, खाली पाटीसारखी कातडी, आणि दिवाळी पाडव्याच्या आधी गवळी म्हैस भादरून तेल लावतात तेव्हा तर तिच्या पाठीवर आभाळ दिसतं. तिथं मी पेन्स ग्रे हा निळसर राखाडी घेतो, उजेडाच्या जागी नुसतं पाणी आणि निळ्याचा एक थेंब. पंचगंगेत डुंबून आलेली म्हैस असेल तर पोटाखाली चिखलाचा रॉ अंबर, म्हणजे मातकट तपकिरी. डुंबणं ही तिची चैन नव्हे, घामाच्या ग्रंथी कमी असल्यानं अंग गार ठेवायची तिची तीच सोय आहे. त्यामुळे चिखल हा म्हशीच्या रंगाचाच भाग धरा.

गव्याचा काळा गरम. खरं तर तो काळा नसतोच, गडद तपकिरी असतो. म्हातारा नर जवळजवळ काळा होतो, माद्या आणि तरुण जनावरं उघड तपकिरी, आणि पिल्लू तर सोनेरी-पिवळं, अगदी गायीच्या वासरासारखं. बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत अल्ट्रामरीन निळा मिसळून जो काळा होतो तो गव्याला चालतो. नळीतला तयार काळा अजिबात नको, तो लावला की गवा पुन्हा गोठ्यात येऊन उभा राहतो. उन्हाची बाजू बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरीनं नुसती ओली करून सोडायची. माझ्याकडून होणारी चूक: सिएना वाळायच्या आत वरचा गडद थर लावणं. मग सगळा चिखल. आणि चिखल तर म्हशीचा.

बसायचं कुठं, हाही फरक आहे. कट्ट्यावरची म्हैस बांधलेली, हातभर अंतरावर, तिच्या पापण्यासुद्धा मोजता येतात. पण मागून-पुढून माणसं, रिक्षा, आणि दर दोन मिनिटाला कोणीतरी वहीत डोकावतं. म्हैस शांत, गाव चालू. प्राणिसंग्रहालयात गवा खंदकापलीकडे, लांब, पण पुरेसा वेळ देतो. दुपारी सावलीत रवंथ करत बसला की बराच वेळ हलत नाही, फक्त जबडा आणि कान. उठलाच तर त्याच पानावर कोपऱ्यात दुसरं स्केच सुरू करायचं, तो हमखास पहिल्या ठेवणीत परत येतो. एका पानावर पाच अर्धवट गवे असले तरी चालतात. एक पुरा करायच्या नादात पाचही जातात.

गव्याची एक सवय चित्रकाराच्या फार कामाची आहे. दुसऱ्या नरावर जरब बसवायची तर तो समोरून न जाता आडवा उभा राहतो, पाठीची कड आणि छाती दाखवत. मोठेपणा दाखवायची ही त्याची पद्धत, आणि आपल्याला फुकटात पूर्ण बाजूचं दर्शन. दाजीपूरच्या रानात हे दिसलंच तर पन्नास पावलांवरून दोन मिनिटं दिसतं, आणि तेव्हा वही उघडण्यापेक्षा गाडीत बसून राहणं शहाणपणाचं. २०२१ च्या डिसेंबरात गवे पार कोल्हापूर शहराच्या वेशीत आले होते तेव्हा मोबाईल घेऊन मागे धावणाऱ्यांची गर्दी सगळ्यांनी पाहिली आहे. गोंधळलेल्या गव्याजवळ जायचं नसतं. स्केच करायला तर नाहीच.

दुसऱ्या दिवशीची, वीस पाठी काढून झाल्यानंतरची पानं मी मामांना दाखवलीच नव्हती, आधीच्यांवर इतकं हसून झालं होतं. गेल्या आठवड्यात त्यांतलं एक रंगवून नेलं. मामा धार काढत होते. हात न थांबवता मान वळवून बघितलं.

"ह्यो बैल हाय की वो. रानातला?"

"गवा आहे मामा."

"मग म्हस का म्हणत होता त्या दिवशी?"

मी म्हटलं नव्हतं, त्यांनीच म्हटलं होतं. पण त्या चित्राकडं बघून म्हैस म्हणायचा हक्क त्यांचाच होता, म्हणून वाद घातला नाही. त्यांनी पेला पुढं केला आणि पाडव्याला म्हशीची शिंगं रंगवायला येणार का, असं विचारलं. हिरवी की भगवी, एवढंच अजून ठरायचंय.