कोंबड्यांचे शीतकालीन संगोपन, कृत्रिम उष्णतेविना

कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात, खुराड्यात उष्णतेचा दिवा, शेगडी किंवा अन्य कोणतेही साधन न लावता, नाजूक समजल्या जाणाऱ्या जातींच्या कोंबड्या हिवाळाभर निरोगी राखण्याच्या पद्धतीला ही संज्ञा लावता येईल. कॅनडातील क्यूबेक प्रांत आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा ईशान्य भाग, म्हणजे न्यू इंग्लंड, या प्रदेशांत ही पद्धत विशेष रुजलेली आहे. तेथे हिवाळ्यातील रात्री पारा −२०° से.च्या खाली जाणे नवलाचे नाही. पाळीव कोंबडीचा पूर्वज असलेला लाल रानकोंबडा दक्षिण व आग्नेय आशियाच्या उष्ण जंगलांतला असला, तरी कोरड्या, निवाऱ्याच्या जागी असलेली आणि पोट भरलेली प्रौढ कोंबडी गोठणबिंदूखालची थंडी पुष्कळच सोसते. तिला सोसत नाही तो ओलावा. या विषयातील बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात, आणि बहुतेक चुकाही तिच्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

नाजूकपणाची कारणे : सर्व नाजूक जाती एकाच कारणाने नाजूक नसतात. सामान्य पिसाच्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात व ते एकमेकांत अडकून पिसाचा सलग पापुद्रा बनतो, त्यामुळे वारा आणि पाणी बाहेर राहते. सिल्की या चिनी मूळच्या, काळ्या कातडीच्या आणि जेमतेम किलोभर वजनाच्या जातीत हे आकडेच नसतात, म्हणून तिची पिसे लोकरीसारखी मोकळी राहतात. दिसायला ही लोकर उबदार असते, पण भिजली की अंगाला चिकटते आणि तिच्यातली हवा निघून जाते. फ्रिझल कोंबड्यांची पिसे उलटी वळलेली असतात, तर नग्नमान जातीत मानेवर पिसे नसतातच आणि उरलेल्या अंगावरही ती कमी असतात. सेरामा हा मलेशियातील पक्षी तर अर्ध्या किलोपेक्षाही हलका भरतो, आणि अंग जितके लहान तितकी वजनाच्या मानाने उष्णता अधिक वेगाने निसटते. लेगहॉर्न व मिनोर्का या भूमध्य सागराकडच्या जातींची पिसे उत्तम असतात, पण त्यांचा मोठा एकेरी तुरा आणि चोचीखाली लोंबणाऱ्या मांसल पाळ्या उघड्या असतात, त्यामुळे हिमदंश प्रथम तेथेच होतो. पोलिश जातीच्या डोक्यावरचा पिसांचा झुबका पाण्यात बुडतो, भिजतो आणि गोठतो. अंगाने दणकट असलेल्या ब्रह्मा जातीच्या पायांवरच्या पिसांतही ओल्या बर्फाचे गोळे अडकतात. ही जात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शांघायहून आलेल्या पक्ष्यांपासून अमेरिकेत तयार झाली, नाव मात्र तिने ब्रह्मपुत्रेचे घेतले.

शरीराची तजवीज : कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१° से. असते आणि दोन किलोची कोंबडी साधारण १० वॅट इतकी उष्णता सतत बाहेर टाकत असते. पिसे फुगवून ती स्वतःभोवती हवेचा थर धरून ठेवते. पायांत रक्त नेणाऱ्या व परत आणणाऱ्या वाहिन्या शेजारी शेजारी असल्याने खाली जाणारे उबदार रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देते आणि पायातून उष्णता कमी वाया जाते. शरद ऋतूत जुनी पिसे झडून नवी दाट पिसे येतात. पीस जवळजवळ सगळे प्रथिनाचेच असल्याने या काळात प्रथिनयुक्त खाद्य कमी पडले, तर पक्षी हिवाळ्याला अर्धवट पिसांनिशी सामोरा जातो. म्हणूनच हिवाळ्याची तयारी सप्टेंबरातच सुरू होते असे जाणकार मानतात. कोंबडीला थंडीची सवय हळूहळू होते आणि तिच्या शरीरातील उष्णतानिर्मितीही त्या बेताने वाढते. पानगळीपासून उबेत ठेवलेल्या पक्ष्यात ही सवय तयारच होत नाही.

ओलावा व हवा : दहा कोंबड्या दिवसाकाठी सुमारे दोन लिटर पाणी पितात. त्यातील थोडे अंड्यांत जाते, उरलेले बहुतेक श्वासावाटे आणि शिटीवाटे खुराड्यातच येते. ताज्या शिटीत तीन चतुर्थांश पाणी असते. आता हवेचा हिशेब पाहिला, तर ०° से.ला एक घनमीटर हवा सुमारे ५ ग्रॅम बाष्प धरू शकते, −१०° ला सव्वादोन ग्रॅम आणि −२०° ला जेमतेम एक ग्रॅम. म्हणजे थंडी वाढत जाईल तसतसा तोच श्वास हवेत मावेनासा होतो आणि भिंतींवर, छतावर व कोंबड्यांच्या तुऱ्यांवर दहिवर होऊन बसतो. दारे-खिडक्या बंद करून, फटी चिंध्यांनी बुजवून कोंबड्यांची काळजी घेतल्याचे समाधान मिळते, पण हा ओलावा आत कोंडला जातो. छताच्या फळ्यांतून आत डोकावणाऱ्या खिळ्यांच्या टोकांवर पहाटे पांढरे तुषार जमलेले दिसले, की त्या घरात हवा खेळत नाही हे समजावे. त्यासाठी आर्द्रतामापकाची गरज पडत नाही. दुसरी खूण नाकाला कळते. गुडघ्यावर बसून, कोंबडीच्या उंचीवर नाक आणून, अमोनियाचा वास येतो का ते पाहावे, कारण उभ्या माणसाला जे जाणवत नाही ते तिच्या फुप्फुसांत रात्रभर जात असते. बाहेरची −२०° ची हवा आत येऊन थोडी जरी तापली, तरी ती कोरडी असल्याने बाष्प शोषून बाहेर नेते. यामुळे थंड हवा आत घेणे हाच खुराडे कोरडे करण्याचा मार्ग ठरतो.

हवा हवी म्हणजे वारा हवा असे मात्र नाही. झरोके दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्याच्या वर, छपराच्या कडेला असावेत आणि अंगावर थेट झोत येऊ नये. झोताने पिसे उघडली, की पिसांत धरलेली हवा जाते. मेणबत्ती लावून दांडीच्या उंचीवर धरावी व ज्योत आडवी पडते का ते पाहावे, ही जुनी कसोटी आजही पुरेशी आहे (मेणबत्ती अर्थातच गवतापासून दूर धरावी).

इतिहास : विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या ईशान्येत बंदिस्त, उबदार पक्षीगृहांविरुद्ध एक चळवळच उभी राहिली. तीतून दक्षिणेकडची बाजू जाळी लावून बाराही महिने उघडी ठेवलेली पक्षीगृहे पुढे आली. डॉ. प्रिन्स टी. वूड्स यांनी १९२४ मध्ये या प्रकारच्या घरांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि त्यांच्या नावाने ओळखले जाणारे घर आजही बांधले जाते. हे घर रुंदीपेक्षा खोलीला जास्त असते. कोंबड्या मागच्या भिंतीशी बसतात, उरलेल्या तिन्ही बाजू पक्क्या बंद असतात आणि त्यामुळे पुढची बाजू सताड उघडी असूनही आतल्या हवेची गादी वाऱ्याला मागे शिरू देत नाही. मागच्या भिंतीला एखादी फट राहिली, तर मात्र सगळा डाव फसतो, कारण मग हवेला आरपार वाट मिळते. तिकडे क्यूबेकमध्ये, ओका येथील ट्रॅपिस्ट (कॅथलिक संन्याशांच्या एका पंथाच्या) मठातील ब्रदर विल्फ्रिड शातलेन यांनी उलट्या बाजूने विचार केला आणि घर बदलण्याऐवजी कोंबडीच बदलली. लेगहॉर्न, कॉर्निश, ऱ्होड आयलंड रेड, वायनडॉट व प्लिमथ रॉक या जातींच्या संकरातून त्यांनी शांतक्लेर ही जात तयार केली. तिचा तुरा उशीसारखा बसका आणि पाळ्या जवळपास नाहीतच. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला १९२१ मध्ये मान्यता दिली. नाजूक जातींच्या संगोपनात नेमके काय सांभाळायचे ते शांतक्लेरकडे पाहिले की लक्षात येते, कारण थंडी जेथे चावते ते अवयवच तिच्यात उरलेले नाहीत.

बैठक व गादी : रात्री कोंबडी पोटाच्या पिसांखाली बोटे झाकून बसते. त्यासाठी दांडी गोल व बारीक नसावी. दोन बाय चार इंचांचा लाकडी वासा रुंद बाजू वर करून बसवला, तर बोटे सपाट पडतात आणि पूर्ण झाकली जातात. धातूची नळी दांडी म्हणून मुळीच वापरू नये. सिल्कीला उडता येत नसल्याने ती दांडीवर न चढता जमिनीवर एकमेकींना बिलगून झोपते. तिच्यासाठी जमिनीपासून वीतभर उंच, कोरड्या भुशाने भरलेली फळी द्यावी, कारण जमिनीलगतची हवा सर्वांत गार आणि अमोनियाने भरलेली असते. खाली गादी पद्धतीने लाकडाचा भुसा किंवा चिरलेला पेंढा जाड पसरतात, वरचेवर हलवतात आणि ओला भाग काढून त्यावर कोरडा थर घालतात. ही गादी महिनोन्‌महिने न काढता वाढवत नेण्याचा पुरस्कार १९४०च्या दशकात ओहायो राज्याच्या कृषी संशोधन केंद्राने केला. कुजणारी गादी खुराडे तापवते असे हौशी पाळणारे आवर्जून सांगतात, पण दहाबारा कोंबड्यांच्या लहान घरात त्यावर विसंबणे भाबडेपणाचे आहे. गादीचा खरा लाभ म्हणजे ती ओल शोषते आणि गार जमिनीपासून पायांना वेगळे ठेवते. बाहेरची माती गोठलेली असल्याने धुळीत लोळण्याची सोय आतच करावी लागते. पसरट खोक्यात कोरडी वाळू व चाळलेली लाकडाची राख ठेवली, तर झुबक्याच्या व दाट पिसांच्या जातींत हिवाळ्यात वाढणाऱ्या उवांना आळा बसतो.

खाद्य व पाणी : मॉन्ट्रियलच्या अक्षांशावर डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस पावणेनऊ तासांचा असतो, पुण्यात तो अकरा तासांचा असतो. म्हणजे तेथील कोंबडीला पंधरा तास उपाशीपोटी, स्वतःच्या साठ्यावर काढावे लागतात. यासाठी नेहमीचे संतुलित खाद्य दिवसभर समोर ठेवून सायंकाळी मूठभर मका देतात. मका ‘गरम’ असतो ही समजूत इकडच्याप्रमाणे तिकडेही आहे. खरे म्हणजे त्यातून केवळ जादा ऊर्जा मिळते, आणि तो फार दिला तर प्रथिने कमी पडतात. अंधारात दांडीवरच्या प्रत्येक कोंबडीच्या छातीवर हात फिरवून पोटली (गळ्याच्या तळाशी असलेली, खाल्लेले दाणे साठवणारी पिशवी) भरलेली आहे का ते चाचपावे. लिंबाएवढी घट्ट पोटली लागली, तर ती कोंबडी रात्र काढील. रिकामी लागली, तर दुसऱ्या कोंबड्या तिला दिवसभर हुसकावत असल्या पाहिजेत. कळपात दबून राहणाऱ्या सिल्की आणि झुबक्यामुळे नीट न दिसणाऱ्या पोलिश कोंबड्यांबाबत हे वारंवार घडते, म्हणून त्यांना दांडग्या जातींपासून वेगळे ठेवणे उत्तम.

पाणी गोठले, की कोंबडी खाणेही कमी करते. दिवसातून दोनतीनदा कोमट पाणी बदलणे हा साधा उपाय आहे. भांडे अरुंद तोंडाचे असावे. पसरट थाळीतून पिताना सिल्कीची दाढी आणि लेगहॉर्नच्या पाळ्या बुडतात, आणि थोड्याच वेळात दाढीच्या टोकांना साबुदाण्याएवढे बर्फाचे मणी लटकू लागतात. ते मणी ओढून न काढता पक्ष्याला घरात आणावे, विरघळू द्यावे आणि पिसे मुळापर्यंत सुकल्यावरच परत सोडावे. ओल्या पिसांनिशी परत सोडणे हे न आणण्यापेक्षा वाईट. रात्री पाण्याचे भांडे खुराड्याबाहेर काढतात, कारण कोंबडी अंधारात पीत नाही आणि भांड्यातले पाणी आतल्या ओलाव्यात भरच घालते.

हिमदंश : तुऱ्याची टोके आधी फिकट पांढरी किंवा राखाडी पडतात, पुढे सुजतात आणि काही दिवसांनी काळी होऊन सुकतात. कोंबड्याला याचा त्रास अधिक होतो, कारण त्याचा तुरा मोठा असतो. तुऱ्याला जबर हिमदंश झालेल्या कोंबड्याची प्रजननक्षमता काही काळ घटते. दंश झालेला भाग चोळू नये, आगीजवळ किंवा गरम हवेच्या झोतात धरू नये, आणि काळे पडलेले टोक कापू नये. खालची जिवंत ऊती तेवढ्यापुरती झाकलेली राहते व मेलेला भाग आपोआप गळतो. पेट्रोलियम जेली चोपडण्याची प्रथा सर्वत्र आढळते. तिने पाळ्या पाण्याने भिजत नाहीत एवढा उपयोग होतो, पण थंडीला ती अडवत नाही. ओल्या खुराड्यात जेली लावणे म्हणजे गळक्या छपराखाली भांडी मांडत बसण्यासारखे आहे. कोंबड्यांना विणलेले स्वेटर घालण्याच्या हौसेबद्दल इतकेच म्हणता येईल, की स्वेटर पिसांना फुगू देत नाही आणि ओला झाला की अंगालाच बिलगून राहतो.

उष्णतेच्या दिव्याला विरोध का : पिल्लांसाठी वापरला जाणारा २५० वॅटचा दिवा कोरड्या गवताच्या खुराड्यात टांगणे हे आगीला दिलेले निमंत्रणच असते. शिवाय हिमवादळात वीज नेमकी जाते तेव्हा, उबेला सरावलेले पक्षी एका रात्रीत गारठ्यात पडतात. या पद्धतीला मर्यादा मात्र आहेत. पिसे न फुटलेली पिल्ले, उशिरा पिसे झडलेल्या कोंबड्या, आजारी पक्षी, तसेच सेरामा, फ्रिझल आणि नग्नमान या जाती यांना कडाक्याच्या दिवसांत गोठणबिंदूवरच्या जागी हलवावेच लागते, आणि अशा जाती विनाउष्णता जगवून दाखवण्याचा हट्ट पक्ष्याच्या जिवावर केलेला हट्ट ठरतो. अंडी कमी होतात ती प्रामुख्याने उजेड कमी झाल्याने. दिवस १४ तासांपेक्षा लहान झाला की अंडी घटतात. उष्णता देऊन ती वाढत नाहीत.

महाराष्ट्रात इतकी थंडी नसली, तरी चूक तीच होते. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात पारा ५° से.च्या आसपास आला, की शेडचे गोणपाटाचे किंवा प्लास्टिकचे पडदे जमिनीपासून छपरापर्यंत घट्ट बांधले जातात, आणि सकाळी शेडमध्ये शिरताच अमोनियाने डोळे चुरचुरतात. पडदा खालून बांधून वरची फूटभर पट्टी उघडी ठेवण्याचा सल्ला त्यासाठीच दिला जातो. क्यूबेकमध्येही जानेवारीतल्या कोरड्या थंडीपेक्षा फेब्रुवारीअखेरची वितळण अधिक पक्षी आजारी पाडते. दिवसा छपरावरचे बर्फ ठिबकते, रात्री पुन्हा गोठते, गादी खालून ओली होते आणि हिवाळा संपला असे वाटून झरोके साफ करणे राहून जाते.