कूलरचा एक प्रश्न, विचारायच्या तऱ्हा अनेक

मे महिन्यात नागपुरात पारा 45 अंशांवर गेला तरी कूलर खोली गार करतो. जुलैत तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. बाष्पीभवनाचा हा धडा चाचणीत विचारायचा कसा?

सर्वांत सोपं म्हणजे ‘चूक की बरोबर’. तपासायलाही वेळ लागत नाही. पण असे 20 प्रश्न काढून 7 गुणांना, म्हणजे 35 टक्क्यांना पास ठेवलं, तर नाणं उडवून उत्तरं लिहिणारा पास व्हायची शक्यता 94 टक्के भरते! चार पर्याय दिले की ती 21 टक्क्यांवर येते. चुकीला एक तृतीयांश गुण कापला, तर डोळे मिटून मारलेल्या ठोक्याचा सरासरी फायदा शून्य होतो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत बरोबरला 4 आणि चुकीला वजा 1; तिथे असा ठोका सरासरी पाव गुण देऊनच जातो.

बहुपर्यायी प्रश्नाचा जीव चुकीच्या पर्यायांत असतो. ते मनाने रचू नयेत, मुलांच्या जुन्या वह्यांतून उचलावेत. ‘जुलैत टाकीतलं पाणी गरम असतं’, ‘दमट हवेत पंख्याचा वेग कमी होतो’ अशी उत्तरं खरोखर येतात. ‘जुलैत कूलर बंद असतो’ हा पर्याय कुणीच निवडणार नाही, मग तो छापायचा कशाला? पर्याय किती असावेत यावरचं 80 वर्षांचं संशोधन मायकेल रॉड्रिग्ज या अभ्यासकाने 2005 मध्ये एकत्र तपासलं, तेव्हा तीन पर्याय पुरेसे ठरले. आणखी एक खोड: बरोबर पर्याय नेमका सर्वांत लांब लिहिला जातो. हुशार मुलं धडा न वाचता ते हेरतात.

जोड्या लावताना डावीकडे चार, तर उजवीकडे सहा नोंदी द्याव्यात. चारास चार दिल्या, तर तीन आल्या की चौथी फुकट मिळते.

कारण समजलं का, हे पाहायचं तर मात्र लिहायलाच लावावं. अडचण तपासण्यात आहे. स्टार्च आणि इलियट या अमेरिकी संशोधकांनी 1912-13 मध्ये प्रत्येक विषयाची एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतली. गुणांत प्रचंड तफावत निघाली, आणि भूमितीत ती इंग्रजीहूनही जास्त! म्हणून 3 गुणांची फोड आधीच करावी: मेमधली हवा कोरडी असते, 1, बाष्पीभवनाला लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते, 1, दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं, 1. नाव झाकावं. एकेक पेपर पूर्ण तपासण्याऐवजी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं जावं.

निकालानंतर प्रश्नांचीही परीक्षा घ्यावी. 60 जणांच्या वर्गात एकूण गुणांनुसार वरचे 16 आणि खालचे 16 पेपर काढा. वरच्यांतल्या 14 आणि खालच्यांतल्या 5 जणांचं उत्तर बरोबर असेल, तर फरक 9 भागिले 16, म्हणजे 0.56. समजलेले आणि न समजलेले यांना वेगळं करणारा हा प्रश्न उत्तम. हा आकडा 0.2 च्या खाली आला तर प्रश्न दुरुस्त करावा. उणे आला, म्हणजे खालच्यांनीच जास्त बरोबर लिहिलं, तर मुलांना बोलण्याआधी उत्तरसूची उघडून पाहावी.