ओस्तुनी की लोकोरोतोंदो? छप्पर बघा

इटलीच्या पुल्या प्रांतातल्या सहलीचे फोटो पाहिले, तर टेकडीवरच्या एकाच पांढऱ्या गावाला कुणी ओस्तुनी म्हणतं, कुणी लोकोरोतोंदो. चूक समजण्यासारखी आहे. दोन्ही गावं चुनखडीच्या टेकड्यांवर, दोन्हीकडे अरुंद बोळ आणि वर्षानुवर्षं चुन्याचे हात खाल्लेल्या भिंती. भिंतींवरून ओळखायला गेलात तर फसणारच.

लोकोरोतोंदोच्या जुन्या घरांची छपरं दुपाखी आणि चांगलीच उतरती असतात. स्थानिक लोक त्यांना 'कुम्मेर्से' म्हणतात. त्यांवर कौलं नाहीत. चुनखडीच्या पातळ करड्या चिपा एकीवर एक चढवत नेलेल्या असतात. शेजारच्या आल्बेरोबेल्लोतल्या शंकूसारख्या 'त्रुल्ली' घरांवरही याच चिपा. या भागात पाऊस पडला की पाणी दगडाच्या भेगांतून खाली मुरतं, वर नदी-ओढा फारसा उरत नाही. म्हणून छपरावरचं पाणी पन्हळीने टाक्यात साठवायची इथली जुनी रीत. गावाची रचना गोलाकार आहे. १७९० ते १८२५ या काळात बांधलेलं सान जोर्जोचं चर्च मात्र त्या ठेंगण्या घरांत जरा थोराड वाटतं.

ओस्तुनीत तसं छप्पर शोधूनही सापडायचं नाही. तिथे सपाट गच्च्या, घरांवर चढलेली घरं, बोळावरून पलीकडच्या भिंतीला आधार देणाऱ्या कमानी. माथ्यावरचं पंधराव्या शतकातलं कॅथेड्रल चुन्यातून सुटलंय. त्याच्या दर्शनी भिंतीचा पिवळसर दगड आणि मधलं भलंमोठं चक्राकार गवाक्ष पांढऱ्या गर्दीत लगेच डोळ्यांत भरतं.

ओस्तुनीच्या पांढऱ्या रंगाचं श्रेय सतराव्या शतकातल्या प्लेगला देतात: साथ आली, लोकांनी घरं चुन्याने रंगवली, गाव वाचलं. ताजा चुना जंतुनाशक असतो हे खरं. पण प्लेग पसरतो मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांतून, त्यामुळे सफेदीने तो किती अडला असेल याची मला शंकाच आहे. त्यापेक्षा साधी कारणं जास्त पटतात. चुनखडी पायाखालीच, ती भट्टीत भाजली की कळीचा चुना, पाण्यात विरवला की सफेदी तयार. भिंतीवर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीच होतो. शिवाय ऊन परतवून लावतो आणि काळोख्या बोळात उजेड आणतो. पावसापाण्याने झिजला की पुन्हा हात द्यायचा.

छप्पर दिसत नसेल तर फोटोची पार्श्वभूमी बघा. ओस्तुनी समुद्रापासून जेमतेम आठ किलोमीटरवर, त्यामुळे ऑलिव्हच्या बागांपलीकडे एड्रियाटिकची निळी रेघ दिसते. लोकोरोतोंदोखाली इत्रियाचं खोरं पसरलंय: द्राक्षमळे, दगडी बांध आणि मधूनच त्रुल्लीचे शंकू.