जुलाबात पाणी बंद करू नका

‘जुलाब लागले की पाणी बंद करा, आपोआप थांबतील’ हा सल्ला बडोद्यात दांडिया बाजारापासून सगळीकडे वर्षानुवर्षं फिरतोय. देणाऱ्याला काळजीच असते. पण कॉलऱ्यात तो जिवावर बेतू शकतो.

कॉलऱ्याचा जंतू लहान आतड्याला चिकटून विष सोडतो. त्यामुळे शरीरातलंच पाणी आणि क्षार आतड्यात ओतले जातात. पिणं थांबवून ते थांबत नाही. मात्र साखरेसोबत मीठ शोषायची आतड्याची ताकद शाबूत असते, आणि त्यामागोमाग पाणीही आत जातं. म्हणून १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोटघोट, उलटी झाली तरी थोडं थांबून पुन्हा.

शरीरातलं पाणी कमी होतंय का, हे पडताळून पाहायचंय? पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडा. हळू पूर्ववत झाली किंवा लघवी कमी झाली, तर शरीर कोरडं पडतंय. हेच साखर-मिठाचं पाणी पाजत लगेच दवाखाना गाठा.