कोळशाला निवड शिकवताना

सक्रिय कोळसा, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांनी भरलेला कोळसा, 'शरीरातली सगळी विषं शोषून घेतो' अशा जाहिराती हल्ली सारख्या दिसतात. विष कोणतं आणि औषध कोणतं, हे कोळशाला कळत नाही. काही विषबाधांमध्ये डॉक्टर तो पहिल्या तासाभरात देतात आणि त्याचा उपयोगही होतो. पण मद्य, लोह, लिथियम त्याच्या हाती फारसे लागत नाहीत, आणि पोटात गेलेली रोजची औषधं मात्र तो धरून बसतो. मला या पदार्थाचं वेड आहे, म्हणूनच त्याच्या नावावर खपवलेलं खोटं जास्त खटकतं.

रेणू कोळशाच्या छिद्रांच्या भिंतींना चिकटतात, याला अधिशोषण म्हणतात. तेव्हा भिंत किती आणि ती कशी, यावर सगळं ठरतं.

भिंत वाढवण्याची सर्वांत सुंदर रीत पोटॅशियम हायड्रॉक्साइडची. कोळशात ते वजनाने तिप्पट-चौपट मिसळून, ऑक्सिजन लागू न देता 700 ते 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. ते आधी वितळतं, कार्बन खात त्याचं कार्बोनेट होतं आणि हायड्रोजन बाहेर पडतो. पुढे कार्बन या संयुगांमधला ऑक्सिजनही ओढून घेतो आणि मागे उरतं धातुरूप पोटॅशियम! त्याची वाफ कार्बनच्या थरांमध्ये पाचरीसारखी घुसते, थर फाकतात. नंतर आम्लाने आणि पाण्याने धुतलं की पोटॅशियम निघून जातं, पण थर पुन्हा पहिल्यासारखे मिटत नाहीत. त्या फटी म्हणजेच आपली छिद्रं, बहुतेक 2 नॅनोमीटरपेक्षा अरुंद.

अशा कोळशाचं क्षेत्रफळ ग्रॅममागे 3000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असल्याचं वाचायला मिळतं. हे आकडे जपून घ्यावेत. ग्रॅफीनच्या, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थराच्या, दोन्ही बाजू मोजल्या तरी ग्रॅमला सुमारे 2630 भरतात. मोजणीसाठी वापरलेला नायट्रोजन अरुंद छिद्रांत थराथराने न बसता ठासून भरतो, आणि नेहमीच्या सूत्रातून उत्तर फुगून येतं.

आता भिंतीचा स्वभाव. नायट्रिक आम्लाने तिच्यावर कार्बॉक्सिल गट (ऑक्सिजन असलेले आम्लधर्मी अणुगट) बसतात. ते प्रोटॉन सोडून ऋणभारित होतात आणि शिसं, कॅडमियमचे आयन पकडतात. पाणी फार आम्लधर्मी असेल तर प्रोटॉन सुटतच नाही, पकड ढिली पडते. शिवाय याच गटांभोवती पाण्याचे रेणू गर्दी करतात, त्यामुळे फिनॉल (एक सेंद्रिय प्रदूषक) धरण्यात हा कोळसा साध्या कोळशाच्याही मागे पडतो. पाऱ्याच्या वाफेसाठी गंधक लावतात.

सुपरकपॅसिटर या झटपट भरणाऱ्या वीजसाठवणीच्या साधनात हीच भिंत वीज साठवते: कार्बनवर विद्युतभार, समोर विरुद्ध भाराच्या आयनांची रांग. भोवती चिकटलेल्या विद्रावकाच्या रेणूंच्या वेष्टनासकट आयन मावणार नाही इतकी अरुंद छिद्रं फुकट जातात, असा समज होता. 2006 मध्ये संशोधक यूरी गोगोत्सी, पॅट्रिस सिमों आणि सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं, तर 1 नॅनोमीटरखालच्या छिद्रांत दर चौरस सेंटिमीटरमागची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) उलट वाढली. आयन ते वेष्टन काही अंशी उतरवून आत शिरतो आणि भिंतीच्या आणखी जवळ जातो.